नवरदेवाचे तांदूळ

रविवार, सोळा नोव्हेंबर. सकाळी साडेदहा. जागा : अंधेरीच्या पश्चिमेला आमच्या कोळीवाड्यातला देवळासमोरचा मांडव, जिथे एरवी जाळी दुरुस्त करायला बसतात. निमित्त : चांगूमावशीचं बारावं. हजर : मावशीच्या दोन मुली, दोन जावई, मासळी विकणाऱ्या तिच्या अकरा मैत्रिणी, तिच्यामागे बसून गाणं उचलणाऱ्या दोघीजणी, देवळाचे पुजारी आणि मी. शिवाय चोवीस तरुण पुरुष, ज्यांना कोणीच बोलावलं नव्हतं.

शाळेच्या ऑफिसात अठ्ठावीस वर्षं काम केल्यामुळे कुठेही गेले तरी मी आधी डोकी मोजते. हे चोवीसजण बर्फाच्या खोक्यांजवळ मागे उभे होते. काहींच्या कडेवर मूल होतं, काहींची बायको शेजारी. एकमेकांशी फारसं बोलत नव्हते. मावशीची थोरली मुलगी माझ्या कानाशी लागली, "वैशू, आमच्या आईला एवढे मुलगे कवा झाले गो?"

मी म्हटलं, "हे तिचे नवरदेव."

गैरहजर : माझा मुलगा निखिल. वय सत्तावीस, गोरेगावच्या एका स्टुडिओत लायटिंगला असतो, त्या दिवशी त्याची शिफ्ट होती. तिथे पंचविसावा तो उभा असायला हवा होता. त्याचं लग्न फेब्रुवारीत आहे, आणि लग्नाआधी मावशी प्रत्येक मुलाशी जे बोलायची ते त्याच्याशी बोलायचं राहून ती गेली. आता ते कोण बोलणार, हा प्रश्न त्या मांडवात माझ्याशिवाय कोणालाच पडला नव्हता. म्हणून हे लिहायला घेतलं. लिहिलं की मला कामं नीट दिसतात.

चांगूमावशी धवलारीण होती. आमच्या लग्नात भटजी येतात, पण त्यांच्या आधी धवलारीण लागते. मांडवाचा खांब रोवण्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक विधी तिच्या गाण्यावर चालतो. ती थांबली की लग्न थांबतं. मावशी दुपारी एकपर्यंत बाजारात मासळी विकायची आणि मोसमात संध्याकाळी लग्नं लावायची. बुटकी, रुंद, बर्फाने आणि खारट पाण्याने भेगाळलेले पाय. माइक तिने कधी हातात धरला नाही. माइक लागला की माणसं आपापसात बोलायला लागतात, असं तिचं म्हणणं. एका हळदीला डीजेवाला फार घाई करायला लागला, तेव्हा ती सरळ त्याच्या स्पीकरवर जाऊन बसली.

"मावशी, उठ ना यार," तो म्हणाला.

"यार कोणाला म्हणतोस रं? तुझ्या आजीला हळद मी लावली."

तो मुकाट्याने खुर्ची घेऊन बाजूला बसला. तिने शेवटचं गाणं सावकाश संपवलं, पाणी प्यायली, मग उठली.

तिची बोली मी इथे थोडी सरळ करून लिहिते आहे. आमच्या घरात मी तीच बोलते, पण कागदावर मला ती नीट उतरवता येत नाही.

आमच्या दोन घरांचा ओटा एकच, मधे कमरेएवढी भिंत. त्यामुळे तीस वर्षं तिचं बोलणं मी ऐकत आले, काही समोर बसून, बरंचसं भिंतीआडून. तिच्यासमोर कोणी येऊन बसलं की ती आधी त्याच्या हातात काहीतरी द्यायची. लसूण, करदी म्हणजे बारीक कोलंबी, वालाच्या शेंगा, काहीच नसलं तर गुंतलेली सुतळी. हात मोकळे असले की माणूस विचार करून बोलतो, आणि विचार करून बोललेलं तिला नको असायचं. मी नोकरीतली गाऱ्हाणी घेऊन जायची, तेव्हा माझ्याही हातात चाकू यायचा. गाऱ्हाणं संपेस्तोवर किलोभर मांदेली साफ झालेली असायची. तिचा फायदाच होता त्यात, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

हळदीच्या गाण्यांत ती नवऱ्याची टिंगल करायची. नुसती टिंगल नाही, सगळंच. नवरा किती उतावळा, त्याला साधी गाठ सोडता येत नाही, नवरी दमली आहे हे त्याच्या डोक्यात शिरत नाही, तिला काय हवं ते तो विचारत नाही म्हणून मग ती कशी कूस बदलते. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. नवरा हळदीने माखलेला, पाटावर बसलेला, पळणार कुठे? सगळं ऐकायला लागायचं.

माझ्या लग्नात तिनेच गाणी म्हटली. लग्नानंतर आम्हाला पहिल्यांदा दार लावून बसायला मिळालं तेव्हा ह्यांनी मला विचारलं, "दमलीस का?" मी हो म्हटलं. हे खाली चटई टाकून झोपले आणि सकाळी चहा करून घेऊन आले. साखर विसरले होते. मला वाटायचं, स्वभाव. लग्नाला वीस वर्षं झाल्यावर एकदा मी तसं म्हटलं, तर हे हसले. "स्वभाव कसला? मी तर घाबरलेलो. चांगूमावशीच्या गाण्यात होतं म्हणून विचारलं."

ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली. विचारणारं माणूस घरातून गेलं की काय होतं, ते यादीत मांडता येत नाही. आपण दमलोय का, हे स्वतःलाही कळेनासं होतं.

आता राकेशबद्दल. गोष्ट सात वर्षांपूर्वीची.

राकेश आमच्याच गल्लीतला, बापाच्या बोटीवर जायचा. तेव्हा सव्वीसचा होता. मितभाषी, गणपतीत सगळ्यांच्या आधी राबायला हजर. त्याचं लग्न चारकोपच्या प्रणालीशी झालं. हळद मावशीनेच लावली होती, पण गाणी कोणाला ऐकू गेली नाहीत, कारण त्या दिवशी डीजे दोन होते. नवव्या दिवशी प्रणाली माहेरी गेली आणि परत येणार नाही म्हणाली. कारण सांगेना.

वाड्यातली मोठी माणसं बसली. लिहून घ्यायला मला बोलावलं. तो कागद माझ्याकडे अजून आहे. एक म्हणाला, तिला मासळीचा वास सहन होत नसेल. तिचा बाप मासळीच विकतो. दुसरा म्हणाला, तिचं दुसरीकडे असेल. तिसरीचं म्हणणं, सासूशी पटलं नसेल, जरा दिवस जाऊ दे. मी प्रत्येक कारणापुढे सांगणाऱ्याचं नाव लिहिलं. प्रणालीला किंवा राकेशला विचारावं असं कोणीही सुचवलं नाही, मीसुद्धा नाही. राकेश बाहेर जाळ्याच्या ढिगावर पाठ करून बसला होता.

दुसऱ्या दिवशी मावशी दोन किलो करदी पिशवीत घालून चारकोपला निघाली. सेक्टरचे नंबर तिला वाचता येत नसत, म्हणून मी बरोबर. तिथे पोचल्यावर तिने मला स्वयंपाकघरात प्रणालीच्या आईजवळ बसवलं आणि स्वतः प्रणालीला घेऊन गॅलरीत, मधे करदीचं ताट. पहिला तासभर काहीही ऐकू आलं नाही. नंतर एकदा नळ वाहिला. नंतर मावशी हात पुसत आत आली आणि प्रणालीच्या आईला म्हणाली, "पोरीला पाठवू नको. कोण काय पण बोलू दे."

परतताना आम्ही रिक्षा केली. लिंक रोडला सिग्नल लागला तेव्हा मावशी बोलली.

"मारलं बिरलं नाय गो. त्याला वाटत होतं तो बरोबर करतो. ती रडली तर त्याला वाटलं, बायका असाच आवाज करतात. नाय म्हणाली तर वाटलं, हे पण त्यातलंच."

"कशातलं?"

"फोनातलं."

त्याच संध्याकाळी तिने राकेशला ओट्यावर बसवलं आणि त्याच्यापुढे लसूण ठेवला. मी भिंतीच्या अलीकडे कपडे घड्या करत होते. माझ्या हातात तेव्हा तीनच कपडे होते, ते मी बराच वेळ घड्या केले.

"मावशी, मी काय वाईट केलं?" त्याचा आवाज बसलेला होता. "सगळे असंच करतात."

"सगळे कोण?"

त्याने पुढची पाकळी सोलायला घेतली.

"नाव सांग ना एकाचं. तुझा बाप? तुझा मामा?"

"तसं नाही."

"मग कोणाला बघितलंस?"

"व्हिडिओत."

"ते तुझ्या ओळखीचे हायत?"

लसणीची सालं ओट्यावरून खाली पडत होती. तो म्हणाला, "मी आठवीत असल्यापासून बघतो. मला वाटलं, तसं नाही जमलं तर ती मला पुरुष म्हणणार नाही. मी पण घाबरलेलो, मावशी."

"मग तिला सांगायचंस ना. दोघं घाबरलेली, एकमेकांना सांगितलं असतं तर काम झालं असतं."

"व्हिडिओत कोणी घाबरत नाही."

त्यानंतरचे पाच रविवार राकेश चारकोपला जाऊन प्रणालीच्या बिल्डिंगखाली उभा राहिला. वाड्यात सगळ्यांना वाटलं, पोराला पश्चात्ताप झालाय, चांगलं आहे. सहाव्या रविवारी मावशीने त्याची मोटारसायकल अडवली. "खाली उभा राहतोस ते तिला विचारून उभा राहतोस का?"

त्याने नाही म्हणून मान हलवली.

"मग परत तेच करतोस. घरी जा."

प्रणाली परत आली नाही. कागदपत्रं झाली, दोन वर्षांनी तिचं दुसरीकडे लग्न झालं, तिथे ती बरी आहे असं ऐकते. राकेशचं लग्न मोडल्याचं मावशीने स्वतःला जेवढं लावून घेतलं तेवढं दोन्हीकडच्या कोणीच घेतलं नाही. बाजारातून आली की भिंतीपाशी उभी राहून म्हणायची, "पोराला हळद लावली मी. अंगाला लावली, कानात काय घातलं नाय. आधी गाणी घालायची गो. आता गाणी ऐकू येत नायत, आली तरी पोरांना त्यातले शब्द कळत नायत. मग ती तिकडे बघणार नाय तर काय करणार?"

मी तिला म्हटलं, आधीच्या काळीही बायका रडायच्याच की.

"रडायच्या ना. गाण्याने कोण देव झाला नाय. पण नवऱ्याला निदान कळायचं, बाईला पण काय वाटतं म्हणून."

एका दुपारी ती माझ्याकडे आली, दार लोटलं आणि म्हणाली, "मना दाखव."

"काय?"

"पोरं बघतात ते. ज्याच्यावर बोलायचं ते बघितल्याशिवाय कसं बोलू?"

मी शाळेत नोकरी करणारी बाई, पन्नाशी जवळ आलेली. माझ्या फोनवर मी गॅसचा नंबर लावते आणि वीजबिल भरते. मला वाटलं होतं, शोधायला कठीण जाईल. दोन मिनिटंही लागली नाहीत. त्याचाच मला जास्त धक्का बसला. मावशीने चष्मा नाकावर खाली ओढला आणि पापलेटचे कल्ले बघावेत तसं चार मिनिटं शांतपणे बघितलं. मी छताकडे बघत होते. मग तिने फोन उलटा ठेवला.

"ती बाई एकदा पण हसली नाय," ती म्हणाली.

तिने चष्मा काढून पदराला पुसला.

"आणि कोणी कोणाला काय विचारतच नाय. बाजारात गिऱ्हाईक पण आधी विचारतं, ताजी हाय का. आणि ती खोली बघितलीस? एवढी मोठी. पलंग कुरकुरत नाय, पडद्यामागे सासू खोकत नाय. आपल्या पोरांनी दहा बाय बाराच्या खोलीत हे कसं करायचं?"

मला हसू आलं आणि थांबेना. तीही हसली. मग हसता हसता तिचे डोळे भरले आणि ती उठून गेली.

मुलांनी ते बघूच नये, असं मात्र ती कधी म्हणाली नाही. "बघणारच ती. आपण पण काय कमी गाणी म्हटलीत? पण आपल्या गाण्यात बाई बोलते. हिला तोंडच दिलेलं नाय."

तीन महिन्यांनी वाड्यात पुढचं लग्न निघालं. नवऱ्याची आई सुपारी घेऊन मावशीला बोलवायला आली. मावशीने सगळं ठरवलं आणि शेवटी सहज म्हणाली, "आणि हळदीच्या आधीच्या रविवारी नवऱ्याला एकट्याला माझ्याकडे पाठव. लग्नाचा चौक भरायचे तांदूळ नवऱ्याने स्वतः निवडायचे असतात. धवलारणीच्या ओट्यावर बसून."

"ही पद्धत कवाची?"

"तुझ्या आजेसासूच्या वेळची. मधे बंद पडली, म्हणून तर हे सगळं असं झालं."

मी भिंतीपलीकडून ऐकत होते. अशी पद्धत आमच्यात कधीच नव्हती. ती त्या क्षणी जन्माला आली, आणि मावशीचा चेहरा देवळातल्या देवीसारखा होता.

अडचण एकच होती. हल्ली तांदूळ पिशवीतून स्वच्छ येतो, निवडायला त्यात काही नसतं. दहा मिनिटांत सूप मोकळं. म्हणून मावशी आदल्या दिवशी एका डब्यातले बारीक खडे स्वतः तांदळात मिसळायची. एका सुपाला मूठभर. मी एकदा घड्याळ लावलं होतं : एक तास बारा मिनिटं. तेवढा वेळ मुलाची मान खाली, नजर तांदळात, समोर कोणाचा चेहरा नाही. मग ती सुरू करायची, आणि सुरुवात नेहमी एकाच प्रश्नाने व्हायची.

सिद्धेश आला तेव्हाचं मला शब्दन् शब्द आठवतं. जिममध्ये ट्रेनर, दंड असे की ओट्यावर मांडी घालून बसताना त्याला दोनदा जागा बदलावी लागली.

"मावशी, तू टेन्शन घेऊ नको," तो बसता बसताच म्हणाला. "मला माहितीय तू काय सांगणार. सगळी पोरं सांगतात. मला सगळं माहीत आहे."

"झकास. मग मना सांग, तिला काय आवडतं?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? तुझ्या होणाऱ्या बायकोला काय आवडतं?"

"पाणीपुरी," सिद्धेश म्हणाला. "जुहूला गेलो की पाणीपुरीच खाते."

"तिखट का गोड?"

सिद्धेशचा हात तांदळात थांबला. "असं बघितलं नाही यार, मावशी."

"किती वेळा गेलात?"

"सहा-सात वेळा."

"सहा-सात वेळा शेजारी उभा राहिलास रं. आणि म्हणतोस सगळं माहीत हाय."

सिद्धेशने दोन-तीन खडे बाजूला टाकले. मग त्याने फोन काढला आणि नंबर लावला. "ऐक ना, तू पाणीपुरी तिखट खातेस का गोड? … नाही गं, असंच. … मावशीकडे बसलोय. … बरं." त्याने फोन ठेवला. "मिडियम. पण कांदा नको. आणि हसत होती. म्हणाली, आजपर्यंत विचारलं नाहीस कधी."

"बघ, हसली," मावशी म्हणाली. "आता मान खाली घाल आणि ऐक."

त्यापुढचं मी लिहिणार नाही. त्यात गुप्त असं फारसं नव्हतं, पण ती ज्या साधेपणाने शरीराच्या गोष्टी बोलायची तो माझ्या लेखणीत नाही. ती घाई करू नको म्हणायची. हो म्हणते का ते बघ, नुसती गप्प बसली तर ते हो नसतं, म्हणायची. नाय जमलं तर हसा आणि झोपा, उद्या पण दिवस हाय. पोरं विचारायची ते प्रश्न ऐकून मला रडू यायचं. एवढी मोठी, मिशा फुटलेली मुलं, आणि प्रश्न सगळे भीतीचे. माझं बरोबर आहे ना. तिला दुखलं तर. ती तसं का करत नाही. मी कमी पडलो तर. इतकी वर्षं ती मुलं हे सगळं त्या पडद्याला विचारत होती, आणि तो एकतर्फी बोलत होता.

सात वर्षांत चोवीसजण. आता वाड्यातल्या निम्म्या बायका शपथेवर सांगतील की तांदूळ निवडायची पद्धत पणजीपासून चालत आली आहे. पलीकडच्या कोळीवाड्यातही ती गेली आहे.

डिसेंबरात एका लग्नाला मी गेले होते. मावशी गेल्यावर आमच्या वाड्यातलं ते पहिलं लग्न, धवलारीण बाहेरून आणलेली. तांदळाचा कार्यक्रम पत्रिकेत छापला होता. अंगणात रांगोळी, नवरदेव पिवळ्या कुर्त्यात, मित्रांचे कुर्ते त्याला जुळणारे. पितळेची परात, गुलाबाच्या पाकळ्या. फोटोग्राफरने त्याला तीन वेळा वर बघून हसायला सांगितलं. तांदळात एकही खडा नव्हता. पाच मिनिटांत टाळ्या झाल्या, डीजे लागला. त्याच्याशी कोणी काही बोललं नाही. मी शेजारच्या बाईला विचारलं, हे कशासाठी करतात माहीत आहे का. ती म्हणाली, "शुभ असतं."

मावशीला मी शेवटचं पाहिलं ते चार नोव्हेंबरला, मंगळवारी. तिला महिनाभर धाप लागत होती, डॉक्टरांनी बाजार बंद करायला सांगितला होता, आणि बाजार बंद म्हणून ती सगळ्या जगावर रागावलेली होती. हळदीपर्यंत थांबू नको, निखिलला आत्ताच पाठव, असं ती तेव्हापासून म्हणत होती. मी कामावरून आले तेव्हा ती ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती, एका मांजराशी बोलत. ऊन तिच्या पायांपर्यंत आलं होतं.

"निखिलला रविवारी पाठवणार होतीस ना?" तिने विचारलं.

"केटररकडे जायचं होतं गो मावशी, तो रविवारीच भेटतो. ह्या रविवारी पाठवते. तसंही लग्नाला अजून तीन महिने आहेत, हळदीच्या आधी कधीही बसेल."

"बरं," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "तुझं सगळं लिहिलेलं असतं. हे पण लिहून ठेव."

"लिहिते."

"मी नसले तर तू बोल."

"काहीतरी बोलू नको. तुला काय होतंय?"

"मी काय इचारलं? बोलशील का?"

मी हो म्हटलं. ज्या सहजतेने आपण दूध आणायला हो म्हणतो तसं. तिने हात उलटा करून मला घरात जायची खूण केली, जा, चहा टाक, आणि परत मांजराकडे वळली. मी कडी लावताना मागे पाहिलं तर ती पाय पोटाशी घेऊन उन्हात सरकत होती. बुधवारी पहाटे ती गेली.

बाराव्याच्या जेवणानंतर मी राकेशला गाठलं. त्याचं तीन वर्षांपूर्वी पुन्हा लग्न झालं, मुलगी दीड वर्षाची. त्या दिवशी पत्रावळी उचलायला तोच पुढे होता. मी त्याला म्हटलं, "तू निखिलशी बोलशील का? तुझं तो ऐकेल. तू पुरुष आहेस."

त्याने हातातल्या पत्रावळी पिशवीत दाबल्या. "काकी, मी बोलेन. पण तू पण बोल."

"मी आई आहे रे. आईने असलं बोलायचं?"

"माझी आई म्हणाली नाही काही," तो म्हणाला. "तिला माहीत होतं मी बघतो. एकदा तिने बघितलं पण होतं माझ्या हातात. दार लावून गेली. मी नंतर लय दिवस वाट बघितली, ती ओरडेल म्हणून. ओरडली असती तरी चाललं असतं."

निखिल अकरावीत असताना मीही एकदा असंच दार लावून गेले होते.

कालची गोष्ट. लग्नाला एकोणीस दिवस. हॉल झाला, पत्रिका वाटून झाल्या, ऋतुजाच्या, म्हणजे होणाऱ्या सुनेच्या, घरच्यांशी मानपानाचं बोलणं झालं. काय बोलायचं ते मी एका कागदावर लिहून काढलं होतं, सहा मुद्दे, मावशीच्या क्रमाने. तिसऱ्या मुद्द्यापर्यंत मी आरशासमोर बोलूनही बघितलं होतं.

निखिल साडेआठला आला, हातपाय धुऊन पानावर बसला. फोन डाव्या हाताला. मी त्याच्यासमोर बसले.

"निखिल."

"काय गं?"

"केटररचा फोन होता. गोडात काय ठेवायचं विचारतोय. गुलाबजाम का श्रीखंड."

"काहीपण ठेव. चालेल."

"ऋतुजाला विचारलंस?"

त्याने मान वर केली. "तिला काय विचारायचंय? गोडच आहे ना."

तिथून सुरुवात करता आली असती. मावशीने तिथूनच केली असती. तो माझ्याकडे बघत होता, फोन तेवढा वेळ काळा झाला होता, घरात दुसरं कोणी नव्हतं. माझ्या तोंडात पहिला मुद्दा तयार होता.

"भात वाढू?" मी विचारलं.

"वाढ."

मी भात वाढला. तो जेवून उठला, ताट मोरीत ठेवलं, आत गेला आणि दार लोटून घेतलं. मी बाहेर लग्नाच्या कामांची यादी काढली. 'निखिलशी बोलणे' सोडून बाकी सगळ्या ओळींवर रेघ आहे. उद्या त्याला सुट्टी आहे.